रविवारपर्यंत टोकन द्यायचं का?

वाचकाचं पत्र: आम्ही दोघंही नोकरी करतो आणि पहिल्यांदाच घर घेतोय. दोन महिन्यांत अकरा घरं पाहिली, त्यातलं एक मनात भरलंय. चार मजली इमारत, बावीस वर्षं जुनी, आणि हे घर सर्वांत वरच्या मजल्यावर. उजेड भरपूर, खोल्या ऐसपैस. फक्त एका बेडरूमला नवा रंग दिलाय, बाकीचं घर जुन्याच रंगात आहे. त्या बेडरूममध्ये थोडा कुबट वासही आला. एजंट म्हणाले, भाडेकरू गेला म्हणून रंग काढला, बाकी काही नाही. गच्चीही आपल्यालाच वापरायला मिळेल म्हणतात. बँकेचं मंजुरीपत्र आमच्याकडे आहे, त्यामुळे कागदपत्रं बँक बघेलच. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून रविवारपर्यंत टोकन द्या, असा त्यांचा आग्रह आहे. टोकन देण्याआधी काय बघायचं आणि कुणाला काय विचारायचं?

नमस्कार,

या रविवारी टोकन देऊ नका, पण घरही सोडू नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते विचार करण्यासारखं दिसतंय. पुढच्या आठ-दहा दिवसांत करायची कामं बरीच आहेत आणि त्यांचा क्रम लावून घ्या. ज्याला फक्त पाय आणि डोळे लागतात ते आधी, वकील आणि इंजिनियर नंतर. पहिल्याच फेरीत घर बाद झालं तर दोघांचीही फी वाचते.

त्याआधी बँकेबद्दल. तुमच्या हातातलं मंजुरीपत्र तुमच्या पगाराबद्दल आहे, या घराबद्दल नाही. तुमची परतफेडीची ऐपत किती, एवढंच त्यात ठरलंय. घराची कागदपत्रं बँक नंतर तपासेल, आणि तेव्हाही तिच्यासमोर एकच प्रश्न असेल: हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे निघतील का? बँक पूर्ण किंमत देत नाही, फरकाची रक्कम तुमची असते. घराचं मोल घसरलं तर पहिला तोटा त्या रकमेला बसतो. म्हणून बँकेला चालणारं घर तुम्हाला चालेलच असं नाही. बँकेचा माणूस येतो तो किंमत ठरवायला. तो नळ सोडून बघत नाही, गच्चीवर वाकून बघत नाही. शिवाय त्याने काढलेलं मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर कर्जही कमी होतं आणि मधला फरक तुम्हालाच भरावा लागतो. टोकन आधीच गेलेलं असेल तर तिथे माणूस कोंडीत सापडतो.

आता त्या बेडरूमबद्दल. भाडेकरू गेल्यावर रंग काढायचा असता तर सगळ्या घराला काढला असता. एकाच खोलीला नवा रंग आणि त्याच खोलीत कुबट वास, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ओल आहे असं धरूनच चालावं. नाही निघाली तर उत्तम. ओल असणं हे घर नाकारायचं कारण नव्हे. ती कुठून येते हे न कळता घर घेणं मात्र चुकीचं, कारण ओलीच्या एका कारणाला प्लंबर पुरतो आणि दुसऱ्या कारणाला अख्ख्या इमारतीची गच्ची उकरावी लागते.

घर सर्वांत वर आहे, म्हणजे जमिनीतून चढणारी ओल बाद झाली. ती साधारण तळमजल्याच्या भिंतीत मीटरभर उंचीपर्यंत चढते, चौथ्या मजल्यावर पोचत नाही. उरल्या चार शक्यता: गच्ची, बाहेरची भिंत, बाथरूम किंवा पाण्याची पाइप, आणि खोलीतल्याच हवेतली वाफ. त्या बेडरूमच्या प्रत्येक भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आधी कागदावर काढा. बाथरूम किंवा स्वयंपाकघराचं सिंक असेल तर संशय तिकडे. बाहेरची भिंत असेल तर बाहेर जाऊन त्याच जागी भेग, उतरत्या पाइपचा सुटलेला जोड किंवा आतल्या बाजूला उतार असलेली खिडकीची चौकट दिसते का ते बघा. छताच्या मध्यभागी तपकिरी कडेची पिवळी वर्तुळं असतील तर पाणी गच्चीतून येतंय. फक्त एक लक्षात ठेवा. स्लॅबमधलं पाणी आडवं सरकतं, त्यामुळे डाग जिथे आहे त्याच्या बरोब्बर वर गळती असेलच असं नाही.

ताजा रंग डाग काही आठवडे झाकतो, पण आजूबाजूच्या वस्तू खरं सांगतात. त्या खोलीतल्या स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेत का ते बघा. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत डोकं घाला, तिथे सहसा कुणी रंग देत नाही. फरशीलगतची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, फुगली किंवा सुटली आहे का? त्या सांध्यात पांढरी भुकटी आहे का? ती भुकटी म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. गिलावा सुटला असेल तिथे आवाज पोकळ येतो.

मालक परवानगी देत असतील तर एक सोपी चाचणी करा. साधारण फूटभर बाजूचा जाड प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन त्या भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढताना पाणी भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय, आणि त्यावर खिडक्या उघड्या ठेवणं, पंखा लावणं असे स्वस्त उपाय आहेत. बाजारात ओल मोजायचं दोन टाचण्यांचं यंत्रही मिळतं. पण गिलाव्यावर त्याचा आकडा तसाच्या तसा खरा मानू नका. ते मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं, आणि भिंतीत क्षार असतील तर आकडा फुगतो. दुसऱ्या खोलीतल्या कोरड्या भिंतीवर लावा, मग इथे लावा, आणि दोन्हींतला फरक बघा.

पाइप गळतेय का हे पाण्याच्या मीटरवरून कळतं. घरातले सगळे नळ बंद करून अर्धा तास मीटरकडे बघा. काटा फिरत असेल तर दाबाखालची पाइप कुठेतरी गळतेय. सांडपाण्याच्या पाइपची किंवा बाथरूमच्या फरशीची गळती मात्र मीटरमध्ये दिसत नाही. ती तपासायची तर बाथरूमची जाळी बंद करून फरशीवर एक-दोन इंच पाणी दिवसभर साठवावं लागतं आणि खालच्या घराचं छत बघावं लागतं. म्हणून खालच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवा. “वरच्या घरातून तुमच्याकडे कधी पाणी आलंय का?” हा एकच प्रश्न पुरेसा आहे. उत्तर ‘हो’ असेल तर घर घेतल्या दिवसापासून त्यांची तक्रार तुमच्या दारात असेल.

वरच्या मजल्याचा आणखी एक खास भाग म्हणजे स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यातली आडवी भेग. छत उन्हाने तापून पसरतं, रात्री आकसतं, आणि खालची भिंत तितकी हलत नाही, म्हणून तिथे सरळ आडवी रेघ उमटते. बहुतेक वेळा ती धोक्याची नसते, पण बाहेरच्या बाजूने उघडी असेल तर पावसाला वाट देते. गिलाव्यातल्या केसासारख्या, एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या भेगांनीही घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र वेगळी. पाया एका बाजूला खचल्याची ती खूण असू शकते. पाच मिलिमीटरपेक्षा रुंद भेग, किंवा जिची एक कड दुसरीपेक्षा वर आलीय अशी भेग दिसली तर इंजिनियरने बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. भेगेच्या आत जुना रंग किंवा धूळ असेल तर ती जुनी आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील, किंवा नवा रंगच फाटला असेल, तर ती अजून हलतेय.

बावीस वर्षांच्या काँक्रीटमध्ये सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे सळयांचा गंज. चांगल्या काँक्रीटचा गुणधर्म असा की ते आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी आत शिरत गेलं की ते संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीटचा थर फुटतो. छतावर किंवा बीमवर सळईच्या रेषेतच जाणारी सरळ भेग, तपकिरी ओघळ, बाल्कनीच्या खालून पडलेले पोपडे, उघडी सळई, हे सगळं याच आजाराचं. वरून सिमेंटचा लेप दिला की ते वर्षभर छान दिसतं आणि आत गंज चालूच राहतो. हे फक्त तुमच्या घरात बघू नका. जिना, पार्किंगमधले कॉलम, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि गच्चीचा कठडा बघा, कारण कॉलम गंजलेला असेल तर दुरुस्ती तुमच्या एकट्याच्या हातात नाही.

गच्चीवर जाच. पाणी निघून जायची भोकं कचऱ्याने तुंबली आहेत का, कठड्याच्या मुळाशी भेग आहे का, कुठे पाणी साचल्याचे काळे डाग आहेत का, हे बघा. वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं, कुणी केलं, हमीपत्र आहे का, आणि ते कुणाच्या नावावर आहे, हे विचारा. आणि ‘गच्ची तुम्हालाच वापरायला मिळेल’ हे वाक्य एजंटकडून लेखी मागा. सगळ्या रहिवाशांच्या मालकीच्या इमारतीत गच्ची सहसा सामाईक असते. ती खरोखर या घराबरोबर येत असेल तर मूळ खरेदीखतात तसा उल्लेख सापडेल. नसेल तर गच्चीसाठी एक पैसाही जास्त देऊ नका, आणि पार्किंगलाही हाच न्याय लावा. पार्किंगची जागा तुमच्या मालकीची, तुम्हाला नेमून दिलेली, की आजवर कुणी हरकत घेतली नाही म्हणून वापरात असलेली? या तिघांची किंमत एक नाही.

नळ आणि वीज अर्ध्या तासात होतात. दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. एक मिनिट लागलं तर मिनिटाला दहा लिटर, हा प्रवाह चांगला. दोन मिनिटं लागली तर कारण शोधा. त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ सोडून फ्लश करा आणि धार किती मंदावते बघा. वरच्या मजल्याला टाकी जवळ असते, म्हणून दाब मुळातच कमी असू शकतो, त्यासाठी छोटा पंप बसतो. जुन्या लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाल्या असतील तर मात्र सगळ्या बदलाव्या लागतात. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा. पाणी घुटमळलं किंवा जाळीतून गुडगुड आवाज आला तर सांडपाण्याच्या पाइपला हवा मिळत नाही किंवा ती तुंबत आलीय.

विजेच्या पेटीत विजेची गळती झाली की आपोआप बंद पडणारा स्विच आहे का बघा. माणसाच्या जिवासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा. त्यावरचं चाचणीचं बटण दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. पण बटणाने फक्त तो स्विच चालतो एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी तीन दिव्यांचा छोटा सॉकेट-टेस्टर मिळतो, तो घरातल्या प्रत्येक सॉकेटला लावा. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणून अर्थिंग आहे असं नसतं. जुन्या घरात तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं.

टेप घेऊन जा आणि प्रत्येक खोली आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. दहा बाय बारा फूट म्हणून दाखवलेली खोली दोन्ही बाजूंनी अर्धा फूट कमी भरली तर १२० ऐवजी सुमारे १०९ चौरस फूट होते, म्हणजे नऊ टक्के कमी. किंमत नेमक्या कुठल्या क्षेत्रफळावर सांगितलीय हे विचारा: आतलं, भिंतींसकट, की जिन्याचा वाटा धरून? दोन घरांची तुलना करताना दोन्हींचं आतलंच क्षेत्रफळ घ्या, नाहीतर स्वस्त घर महाग निघतं.

हे घर पुन्हा दोनदा बघा, वेगळ्या वेळी. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, जेव्हा पाणी सगळ्यांना लागतं आणि रस्त्यावर गर्दी असते. एकदा रात्री दहानंतर. मध्ये जोराचा पाऊस झाला तर त्याच दिवशी संध्याकाळी जा, त्यासारखी तपासणी नाही. मोबाइलचं नेटवर्क प्रत्येक खोलीत बघा. दुपारचं ऊन कुठल्या खोलीवर येतं ते बघा, कारण वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत आणि तापलेलं छत मिळून ती खोली रात्रीपर्यंत गरम राहते.

आता माणसांकडे. इमारतीच्या सोसायटीकडे किंवा रहिवासी संघाकडे जाऊन मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. एजंट सांगणार नाही ते तिथे लिहिलेलं असतं: गळतीच्या तक्रारी, गच्चीच्या दुरुस्तीचा लांबलेला ठराव, पाण्याचा तुटवडा, कोर्टातला वाद, लिफ्टची रडकथा. दुरुस्ती निधीत किती पैसे आहेत, किती घरांची थकबाकी आहे, आणि येत्या काळात मोठं काम ठरलंय का, हे विचारा. निधी रिकामा आणि काम मोठं असेल तर प्रत्येक घराच्या वाट्याला येणारी रक्कम काढा आणि ती घराच्या किमतीत मिळवूनच घर परवडतं का ते बघा. मासिक देखभाल शुल्क फार कमी आहे म्हणून खूश होऊ नका. बावीस वर्षांच्या इमारतीत कमी शुल्क म्हणजे बहुधा पुढे ढकललेली दुरुस्ती.

विक्रेत्यांना भेटल्याशिवाय व्यवहार नको. एजंटच्या तोंडून नाही, त्यांच्या तोंडून ऐका: घर का विकताय, किती वर्षं तुमच्याकडे आहे, घरावर कर्ज आहे का, भाडेकरू पूर्ण गेला का आणि त्याची अनामत परत झाली का, या बेडरूमला रंग का दिला. शेवटचा प्रश्न सहज, त्याच भिंतीकडे बघत विचारा. त्यांचं उत्तर एजंटच्या उत्तराशी जुळतं का हे महत्त्वाचं. एजंट वाईट माणूस असतो असं नाही, पण व्यवहार झाला तरच त्याची दलाली सुटते. त्यामुळे ‘थांबा’ हा सल्ला त्याच्याकडून येणं कठीणच.

इथवर घर टिकलं तर वकील नेमा. तुमचा स्वतःचा, एजंटने किंवा विक्रेत्याने सुचवलेला नाही. त्याच्याकडून हे हवं: विक्रेता हाच मालक आहे का, आणखी सहमालक किंवा वारस आहेत का आणि ते सगळे सही करणार का. आधीची सगळी हस्तांतरणं सलग जुळतात का, की मधला एखादा दुवा गायब आहे. गहाण, जप्ती, दावा असा काही बोजा आहे का. कर आणि बिलं भरलेली आहेत का. जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, आणि पट्टा असेल तर किती वर्षं उरलीत. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का आणि राहायला परवानगी मिळालेली आहे का. यातली शेवटची गोष्ट तुम्हीही बघू शकता. मंजूर नकाशा हातात घेऊन घरात फिरा. नकाशात बाल्कनी आहे आणि घरात तिथे खोली आहे, असं दिसलं की थांबा. ती भिंत पाडायची नोटीस आली तर ती नव्या मालकाला येते. विक्रेता परदेशात असेल आणि कुलमुखत्यारपत्रावर दुसरं कुणी सही करणार असेल, तर ते पत्र आजही लागू आहे का आणि त्यात विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, हे वकिलाने मूळ कागदावरून तपासलंच पाहिजे. झेरॉक्सवर भरवसा नको.

वकिलाबरोबरच स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी अहवाल घ्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते, तरी पहिल्यांदा घर घेणारे नेमका हाच खर्च वाचवतात. त्याला सगळं घर दाखवाच, पण त्या बेडरूमच्या ओलीचं कारण, उपाय आणि अंदाजे खर्च असे तीन मुद्दे वेगळे लिहून मागा.

अहवाल आला की सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे एक शेरा लिहा: हा पैशाने सुटतो, इतरांच्या संमतीने सुटतो, की सुटतच नाही? वायरिंग, पाइप, बाथरूमची फरशी पैशाने सुटतात. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा आणि निवांत राहा. गच्ची आणि कॉलम सोसायटीच्या संमतीने सुटतात. तिथे ठराव झालेला आणि निधी जमलेला नसेल तर नुसत्या आश्वासनाला शून्य किंमत द्या. खोलीला खिडकी नसणं, शेजारचा गोंगाट, रस्त्याची अडचण, मालकीतला घोळ हे सुटत नाहीत. सूट कितीही मोठी असली तरी हे दोष विकत घेऊ नका, कारण पुढे तुम्हाला विकायचं असेल तेव्हाही ते तिथेच असतील.

कर्जाचा हिशेबही या आठवड्यात करून ठेवा. कर्जातल्या दर एक लाखामागे ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण ९०० येतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त १५०. एकूण परतफेड सुमारे २ लाख १६ हजार. मुदत ३० वर्षं केली तर हप्ता ८०५ वर येतो, म्हणजे ९५ च वाचतात, आणि एकूण परतफेड २ लाख ९० हजारांच्या घरात जाते. व्याजदर बदलता असेल तर आणखी एक गणित करा. दर १० टक्के झाला आणि बँकेने हप्ता ९०० च ठेवला, तर २४० हप्त्यांचं कर्ज सुमारे ३१४ हप्त्यांचं होतं, सहा वर्षांपेक्षा जास्त वाढतं. कित्येक कर्जदारांना हे फार उशिरा कळतं, कारण हप्ता तेवढाच दिसत असतो. बँकेला विचारा: दर किती महिन्यांनी बदलतो, बदलल्यावर हप्ता वाढणार की मुदत, आणि मुदतीआधी पैसे भरले तर दंड आहे का. सगळी शिल्लक घराच्या किमतीत ओतू नका. नोंदणी, कर, वकील, बँकेचं शुल्क, दुरुस्ती, सामान हलवणं हे सगळं वेगळं असतं, आणि त्यानंतरही निदान सहा महिन्यांचे हप्ते हाताशी उरले पाहिजेत.

हे सगळं होईतो दुसरं गिऱ्हाईक घर घेऊन जाईल, ही भीती खरी आहे. कधी कधी तसं होतंही. त्यावर उपाय म्हणजे अटींवरचं टोकन. कागदावर लिहून सगळ्या मालकांच्या सह्यांनी. त्यात घराचा पूर्ण तपशील, ठरलेली किंमत आणि मुदत हवी, तीस दिवस म्हणा. त्या मुदतीत मालकी निर्वेध नसल्याचं आढळलं, अमुक रकमेचं कर्ज या घरावर मंजूर झालं नाही, किंवा इंजिनियरच्या अहवालात ठरावीक खर्चापेक्षा मोठी दुरुस्ती निघाली, तर सगळे पैसे इतक्या दिवसांत परत. मुदतीत विक्रेत्याने घर दुसऱ्याला विकायचं नाही. पंखे, गिझर, कपाटं यांतलं काय राहणार तेही त्यातच लिहा. रक्कम लहान ठेवा आणि ती थेट मालकाच्या बँक खात्यावर द्या, रोख नाही आणि एजंटच्या खात्यावरही नाही. खाते क्रमांक बदललाय असा मेल किंवा मेसेज आला तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून मालकाच्या तोंडून खात्री करा, मगच पैसे पाठवा. अशा व्यवहारात मध्येच खोटा खाते क्रमांक पाठवून पैसे पळवण्याची फसवणूक जगभर होते. या अटींवर सही करायला विक्रेत्याने नकार दिला तर ते घर तुमच्यासाठी नव्हतं, असं समजा.

पुढे व्यवहार ठरलाच, तर उरलेली रक्कम देण्याच्या एक दिवस आधी रिकाम्या घराची पुन्हा फेरी मारा. सामान हलल्यावर भिंती पहिल्यांदा मोकळ्या दिसतात. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोसकट टिपून ठेवा, आणि ताबा घेतल्यावर बाहेरच्या दाराचं कुलूप बदला.

तूर्त आज एजंटला एवढाच मेसेज पाठवा: “घर आवडलंय. रविवारी टोकन देता येणार नाही. या आठवड्यात घर दिवसा आणि रात्री पुन्हा बघायचंय, मालकांना भेटायचंय, आणि खरेदीखत, मंजूर नकाशा, कराची शेवटची पावती व सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र यांच्या प्रती हव्यात. नवा रंग दिलेल्या बेडरूमची भिंत आमच्या इंजिनियरला दाखवायची आहे. प्रती मिळाल्या की अटींसह टोकनचा मसुदा पाठवतो.” प्रती दोन दिवसांत आल्या तर कामाला लागा. प्रतींऐवजी पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचाच निरोप आला, तर पाहिलेल्या अकरा घरांतलं दुसऱ्या क्रमांकाचं कुठलं होतं ते आठवा, आणि हीच टेप, हाच टेस्टर घेऊन तिथे जा.